नाव तेवढं काढा

पत्र यंत्रानं मोठ्यानं वाचून दाखवलं, नामुष्की तिथूनच सुरू झाली. मिस्त्रीची सवयच तशी होती. सकाळी ग्रंथालयात आल्याबरोबर तो आपल्या संगणकाचा पडदा बंद करायचा आणि वाचणारा आवाज चालू करायचा. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांना पडदा नसतो, मग आपल्याला कशाला हवा, असं त्यानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. आता त्यात पुण्यबिण्य काही उरलं नव्हतं, नुसती खोड उरली होती. हेडफोनची वायर कालच तुटली होती. त्यामुळे अंधांच्या ग्रंथालयातल्या त्या संगणक कक्षात, सहापैकी चार खुर्च्या भरलेल्या असताना, स्पीकरमधून तो सपाट बायकी आवाज निघाला आणि कुठेही न अडखळता म्हणाला, "महोदय. आपण वितरित करीत असलेल्या भिंगरी या ब्राउझरच्या सुधारित आवृत्तीवरून आमच्या संस्थेचे नोंदणीकृत नाव व चिन्ह तीस दिवसांच्या आत काढून टाकावे. मूळ कोड वापरण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा परवान्याने दिलेला आपला हक्क अबाधित आहे." आवाज थांबवायची कळ त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सापडेना. बोटं कळफलकावरून नवशिक्यासारखी चाचपडत राहिली, आणि कळ सापडली तोवर आवाज सहीपर्यंत पोचला होता. सही संचालकाची. संचालक म्हणजे त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याच्याही फार आधी त्याचा एकुलता एक मित्र.

कक्षातली टकटक थांबली होती. आंधळी माणसं ऐकत असली की तोंड दुसरीकडे करतात, तसं चौघांनीही केलं होतं. तिसऱ्या यंत्रावरचा ऑपरेटर तर भिंतीकडेच वळला होता. हा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला गृहस्थ, वय एकाहत्तर, पाठ अजून सरळ. ग्रंथालयात सगळे त्याला ऑपरेटर म्हणत, तोंडावर काका. काहीही झालं की पहिला बोलणारा हा माणूस, आणि आज एक शब्द बोलला नाही. ग्रंथपालबाई मात्र दारात आल्या. "कसलं हो पत्र, मिस्त्री?" यंत्रं दुरुस्त करतो म्हणून त्याला सगळे मिस्त्री म्हणत. "काही नाही. घरचं आहे," तो म्हणाला. "घरच्या पत्रात महोदय असतं?" "आमच्या घरी असतं," तो म्हणाला, आणि बाई हसून निघून गेल्या. विनोद बरा जमला होता, पण तुटकी वायर तो बोटाभोवती आवळत होता, आणि ते कुणाला दिसत नाही याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच शरमही वाटली.

खरं टोचलं ते 'आपण'. नाव काढा, चिन्ह काढा, हे एक वेळ ठीक. पण मेहुण्यानं, लंबूनं, आपल्याला 'आपण' म्हणावं? कॉलेजपासून ज्याला लंब्या म्हटलं, ज्याच्या ताटातलं उचलून खाल्लं, ज्याचा एकच बरा शर्ट दोघांनी मुलाखतींना आळीपाळीनं घातला (मिस्त्रीच्या अंगात तो गुडघ्यापर्यंत यायचा), त्यानं 'आपण वितरित करीत असलेल्या'? सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत दोघांनी हा ब्राउझर लिहायला घेतला तेव्हा खालून दिवसभर पंपाचा आवाज यायचा आणि रबराचा वास. लंबूला छत ठेंगणं पडायचं, म्हणून तो सतत बसून काम करायचा, आणि सतत बसल्यामुळे जास्त काम करायचा, असं ते गमतीनं म्हणत. धाकटी दुपारी डबा घेऊन यायची. एकोणीस वर्षांची होती, रिकाम्या डब्यासाठी थांबून राहायची आणि तेवढ्यात समोर दिसेल त्या कागदावर काहीतरी गिरबटायची. एकदा तिनं चार फटकाऱ्यांत कागदाची भिंगरी काढली. वारा डावीकडून येतोय हे त्या चार रेघांत कळत होतं. लंबू म्हणाला, पान उघडेपर्यंत ही फिरत ठेवू. हा म्हणाला, मग नावही हेच ठेवू. धाकटी रिकामा डबा घेऊन गेली. परवाना यानं स्वतः लिहिला. घ्या, बदला, वाटा, कुणाची परवानगी मागू नका. त्या वयात ती वाक्यं लिहिताना छाती फुगली होती. कुणी आपल्याला अडवणार नाही, आपण कुणाला अडवणार नाही. हे सगळं किती सोपं आहे, आणि लोक उगाच कुलपं घालत बसतात.

मग पाच-सहा वर्षांनी कुणीतरी भिंगरी घेतली, तिच्यात माणसांची टेहळणी करणारा कोड घातला आणि भिंगरी म्हणूनच वाटली. परवान्यानं काहीच करता येईना. घ्या, बदला, वाटा असं त्यानंच लिहून ठेवलं होतं. तेव्हा संस्था काढायचं ठरलं आणि नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं ठरलं. कोड सगळ्यांचा राहील, पण भिंगरी हे नाव आणि ते चिन्ह आम्ही दिलेल्या मालावरच लागेल. लंबू का-कू करत होता. अर्ज यानं लिहिला, वकिलाकडे हा गेला, आणि नोंदणी झाल्यावर पहिलं पत्रही यानंच लिहिलं. ते पत्र त्या टेहळणीवाल्याला नव्हतं. तो केव्हाच पसार झाला होता. पत्र गेलं एका कॉलेजच्या मुलीला. तिनं जुन्या, मंद यंत्रांवर चालेल अशी हलकी भिंगरी बनवली होती आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. पण नियम म्हणजे नियम, एकाला सोडलं की नावावरचा हक्कच सुटतो, असं वकिलानं सांगितलं होतं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं: नाव काढते. कामही थांबवते. त्या दिवशी त्यानं लंबूला टाळी दिली होती. आता अठरा वर्षांनी तो हात तळव्यापासून कोपरापर्यंत गरम झाला. असं काही आठवायची ही वेळ नव्हती. रागाच्या मध्येच आपलंच काहीतरी निघतं आणि राग पातळ होतो, आणि त्याला राग पातळ व्हायला नको होता.

म्हणून त्यानं दुसरं आठवलं, भरवशाचं. संस्थेनं भिंगरीचं रूप बदललं तेव्हाची बैठक. नवं रूप देखणं होतं, पण वाचणाऱ्या आवाजाला त्यात कशाचा काही पत्ताच लागेना. त्यानं आरडाओरडा केला. लंबू अध्यक्षाच्या खुर्चीतून शांतपणे म्हणाला, "आपल्याकडच्या शंभर माणसांत असं एकही माणूस नाही. थांब थोडं, करू नंतर." ते 'नंतर' ऐकून त्याच्या डोक्यात तिडीक गेली, आणि बारा माणसांसमोर तो म्हणाला, "तू घेतोस आणि नोंदणी करून टाकतोस. माझी बहीण घेतलीस तीही अशीच." धाकटीचं आणि लंबूचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं होतं, घरात कुणाला न सांगता. बारापैकी दोघं-तिघं हसले होते. लंबू नाही. त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. एका कुटुंबात राहून न बोलणं हे मोठं कौशल्याचं काम आहे. आई होती तोवर तिच्या बिछान्याच्या दोन बाजूंना दोघं बसत आणि तिच्यामार्फत एकमेकांना पाणी देत. त्यानं संस्था सोडली, ग्रंथालयात नोकरी धरली, भिंगरीची जुनी आवृत्ती घेतली आणि ती एकट्यानं या माणसांसाठी वाढवली. तिच्यातला एक-एक कोपरा त्यानं बोलका केला. चार-साडेचार हजार माणसं ती वापरत होती. नाव भिंगरीच ठेवलं, कारण नाव बदलायचं तर आधी हरलो म्हणावं लागलं असतं. आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, तो संस्थेच्या कोडमध्ये काल काय बदललं ते ओळ न ओळ वाचत असे. कोड उघड्यावर होता, कुणीही वाचावा. हा वाचायचा तो चुका काढायला. लंबूची चूक सापडली की दिवस चांगला जायचा.

चार दिवस त्यानं मनातल्या मनात उत्तरं लिहिली. आंघोळ करताना लिहिली, जिना चढताना लिहिली, ग्रंथपालबाई टोनर संपल्याचं सांगत होत्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत लिहिली. सगळी उत्तरं फार छान होती आणि सगळ्यांत लंबू शेवटी खुर्चीतून उठून उभा राहायचा. पाचव्या दिवशी रजा टाकून तो संस्थेत गेला. चौथा मजला, काचेचा दरवाजा, दरवाजामागे एक तरुण मुलगी. तिनं ओळखपत्र मागितलं आणि छातीवर चिकटवायला एक कागद दिला. त्यावर 'अभ्यागत' छापलेलं होतं. तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर धाकटीची भिंगरी होती, पोलादात कापलेली, पुरुषभर उंच, मागून दिवे सोडलेले. रेघा सरळ करून टाकल्या होत्या. वारा कुठून येतोय ते आता कळत नव्हतं. "सरांना काय सांगू, कोण आलंय?" मुलीनं विचारलं. "महोदय आलेत म्हणा," तो म्हणाला, आणि तिनं खरंच तसं सांगितलं.

लंबू म्हातारा झाला होता. आईच्या बिछान्यापाशी त्याच्याकडे न बघण्यातच सगळं लक्ष असायचं, त्यामुळे हे ध्यानात आलं नव्हतं. उंच माणसं वाकतात तेव्हा फार वाकतात.

"बस," लंबू म्हणाला.

"पत्रात 'आपण' होतं. मला वाटलं, उभंच राहावं लागेल."

"पत्र वकिलानं लिहिलंय."

"सही तुझी आहे."

"हो. सही माझी आहे."

एवढ्यातच मिस्त्रीची चार दिवसांची उत्तरं विस्कटली. लंबू वाद घालेल असं धरून ती रचलेली होती. तो बसला. छातीवरचा कागद एका कोपऱ्यातून सुटला होता, तो त्यानं उगाचच दाबून बसवला.

"साडेचार हजार माणसं आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "तुझी चकचकीत भिंगरी त्यांच्या काही कामाची नाही. अकरा वर्षं झाली, तुझं 'नंतर' अजून आलं नाही. मी एकट्यानं केलं ते. आणि आता तू माझ्या तोंडावर नोटीस फेकतोस."

"काम कोण काढून घेतंय? कोड ठेव. सगळा ठेव. नाव तेवढं काढ."

"नाव मी ठेवलंय."

"आपण ठेवलंय."

"नोंदणीचा अर्ज मी लिहिला होता, लंब्या."

"म्हणूनच तुला समजायला हवं होतं." लंबूनं खण उघडून एक कागद काढला. "हे आमच्याकडे आलंय. दोन महिने होतील. तू वाचतोस की मी वाचू?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं वाचायला सुरुवात केली. लंबू वाचताना अजूनही जोडाक्षरांवर थबकायचा. "मी जन्मांध आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षे नोकरी केली. चार महिन्यांपूर्वी माझ्या ईमेल खात्यात कोणी शिरले आणि माझ्या नावाने माझ्या सर्व ओळखीच्या माणसांना घाणेरडी चित्रे पाठवली. ती कशी होती हे मला सांगायला कोणी तयार नाही. माझ्या सुनेने माझ्याशी बोलणे सोडले आहे. ग्रंथालयातील मिस्त्री म्हणतात की माझा पासवर्ड सोपा होता. माझा पासवर्ड बावीस अक्षरी होता. मला कोणावर आरोप करायचा नाही. ब्राउझरवर तुमच्या संस्थेचा पत्ता आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. चूक माझी होती का?"

लंबूनं कागद टेबलावर ठेवला. तो दिवस मिस्त्रीला बारकाव्यानिशी आठवला. ऑपरेटर त्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता, हातातली काठी दुमडून घेतलेली. "मिस्त्री, तुम्ही ती चित्रं बघितलीत का? बघितली असतील तर मला सांगा. मी म्हातारा माणूस आहे, लाजणार नाही. लोक मला काय समजतात एवढं तर मला कळायला हवं." त्यानं चित्रं बघितली होती. नाही म्हणाला. आणि पाठोपाठ, कुणी विचारलं नसताना, पासवर्डचं म्हणाला. ऑपरेटरनं मान हलवली होती, एक्स्चेंजमध्ये नंबर टिपून घेत असावा तशी.

"तुझ्या आवृत्तीत भोक आहे," लंबू म्हणाला. "एका पानाला शेजारच्या पानातलं चोरून वाचता येतं. आमच्यातही होतं. मीच बुजवलं, गेल्या वर्षी. आठ ओळी होत्या. उघड्यावर होत्या. घ्यायच्या होत्यास."

"मी बघितल्या नाहीत."

"तू रोज बघतोस," लंबू म्हणाला. "सर्व्हरवर दिसतं. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसातला ग्रंथालयाच्या पत्त्यावरून कोणीतरी येतं. मी धाकटीला म्हणायचो, बघ, दादा आले."

तो उठला. उठताना खुर्ची मागे भिंतीवर आपटली आणि बाहेरच्या मुलीनं वर पाहिलं. हे वाक्य लंबूनं बोलायला नको होतं. तो चिडला असता, त्यानं कोर्टाची भाषा केली असती, तर सहन झालं असतं. अकरा वर्षं आपण चोरून चुका वेचत होतो आणि हा वरून बघत होता, बायकोला दाखवत होता, जेवताना कदाचित. "वाच तुझ्या सर्व्हरवर," तो म्हणाला, "आणि मर." एवढंच सुचलं. लिफ्टमध्ये त्यानं छातीवरचा कागद ओढून काढला तेव्हा सदऱ्याचं बटणही त्याबरोबर आलं.

बस थांब्यावर उभा असताना धाकटीचा फोन आला. एवढ्या लवकर कळवलंही होतं लंबूनं. "दादा, जेवलास का?" तिनं विचारलं. "तुझ्या नवऱ्याला विचार, त्याच्याकडे माझी सगळी नोंद असते." शाळेत चित्रकला शिकवायची ती. मागून बाकं सरकवल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "ती नोटीस त्यानं तीन आठवडे दाबून ठेवली होती. सही करत नव्हता. मी म्हटलं, कर." त्याला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "तू?" "मी. त्या आजोबांचं पत्र मी वाचलं. दादा, ते चित्र माझं आहे. त्याच्याखाली कुणाचं असं होऊ नये." "चित्र?" तो म्हणाला. "चार रेघा मारल्यास तू. बाकी मी मेलो त्या भिंगरीपायी." "हो, चार रेघा," धाकटी म्हणाली. "तेवढंच माझं आहे. म्हणून म्हटलं, तेवढ्यावरून तरी हात काढ." बस आली आणि तो तिच्यात चढला, फोन तसाच चालू ठेवून, आणि दोन थांबे तो नुसता कानाला धरून उभा राहिला. कधीतरी तिनं ठेवला असावा.

घ्यायच्या होत्यास. जिना उतरताना, दात घासताना, ग्रंथालयाचं कुलूप काढताना ते दोन शब्द त्याच्या कानात वाजत राहिले. त्या आठ ओळी त्यानं वाचल्या होत्या. ज्या सकाळी त्या आल्या त्याच सकाळी वाचल्या होत्या, आणि त्या चांगल्या आहेत हे त्याला लगेच कळलं होतं. लंबू चांगला लिहायचाच. वर त्याचं नाव होतं. तेव्हा त्यानं स्वतःशी काय म्हटलं होतं तेही आठवत होतं: बघू, माझ्या पद्धतीनं करू. मग आवाजाचं एक काम निघालं, मग दुसरं, मग ते मागे पडलं. मागे पडलं हे खोटं. रोज ते डोळ्यांसमोर यायचं आणि रोज तो त्याच्यावरून पुढे जायचा, रस्त्यात नको असलेला माणूस दिसावा आणि आपण पलीकडच्या फुटपाथवर जावं, तसा. सात महिने तो रोज पलीकडच्या फुटपाथवर गेला होता, आणि त्या सात महिन्यांच्या शेवटी कुणीतरी ऑपरेटरच्या खात्यात शिरलं होतं. त्यानंतरही तो पलीकडूनच जात राहिला होता. हे स्वतःशी कबूल केल्यावर राग जाईल असं त्याला वाटलं होतं. तो गेला नाही. उलट लंबूचा राग जास्त आला. त्यानं त्या आठ ओळी इतक्या चांगल्या का लिहाव्यात.

मुदतीतले तेवीस दिवस उरले होते. त्यानं कामाला सुरुवात केली. आधी त्या आठ ओळी घेतल्या. त्याला वीस मिनिटं लागली, चाचणीसकट. मग नाव काढायला घेतलं. यंत्रानं मोजून सांगितलं की भिंगरी हा शब्द चार हजार एकशे बारा ठिकाणी आहे. एका आज्ञेत सगळे बदलता आले असते, पण तो एकेक फाइल उघडून, आवाजाकडून वाचून घेऊन, हातानं काढत राहिला. कुणी विचारलं असतं तर चूक होऊ नये म्हणून, असं त्यानं सांगितलं असतं. आणि तिथं त्याला कळलं की काय काढायचं नाही. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ होती: हे लिहिणाऱ्यांचा हक्क, आणि मग दोन नावं, पहिलं लंबूचं, दुसरं याचं. परवान्याचं दुसरं कलम असं होतं की काहीही बदला, पण लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. ते कलमही यानंच लिहिलं होतं, सायकलच्या दुकानावर बसून, आणि त्यावर अडून बसला होता. म्हणजे आता आपण ठेवलेलं नाव काढायचं आणि लंबूचं नाव ठेवायचं, एकोणीसशे फायलींत, कायमचं. एका फाइलमधलं त्यानं पुसलं. आवाजाकडून ओळ वाचून घेतली. त्याचं एकट्याचं नाव ऐकू आलं. त्यानं ती तशी दुपारभर ठेवली. पाच वाजता परत लिहिलं. लिहिताना लंबूच्या आडनावातली वेलांटी चुकली, ती दुरुस्त केली.

शेवटी काहीतरी नाव द्यायला हवं होतं, यंत्राला उघडताना काहीतरी बोलावं लागतं. त्यानं 'बिननावी' लिहिलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काहीतरी बरं ठेवा हो. लोक मांजराला पण नाव ठेवतात." तो म्हणाला, "नावावर पत्र येतं, बाई." वापरणाऱ्या सगळ्यांना त्यानं कळवलं की नाव बदललंय. बरीच उत्तरं आली. बहुतेकांनी एकच विचारलं, उघडायची कळ तीच आहे ना? हो, तीच आहे. मग ठीक आहे. त्याला वाटलं होतं की निदान दोघं-चौघं तरी चिडतील. कुणीही चिडलं नाही. धाकटीचं चित्र त्यांच्यातल्या कुणी कधी बघितलेलंच नव्हतं.

मुदत संपायच्या आठवडाभर आधी, दुपारी, कक्षात दोघंच असताना, तो तिसऱ्या यंत्रापाशी गेला आणि बाजूची खुर्ची ओढून बसला.

"काका, चूक तुमची नव्हती."

"हे मला संस्थेनं कळवलं," ऑपरेटर म्हणाला. बोटं कळफलकावरच होती. "पत्र आलं. सविस्तर होतं."

"माझी होती."

"असं त्यांनी लिहिलेलं नाही." "भोक आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आधीपासून. सात महिने आधीपासून."

"विसरलात?"

हो म्हणता आलं असतं. विसरणं माफ होतं. "नाही," तो म्हणाला. "ज्यानं ते दुरुस्त केलं त्याचं माझं जमत नाही. त्याचं घ्यायला नको वाटलं."

ऑपरेटरनं हे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. समोरच्याला काय दिसतं हे ठाऊक नसलेला माणूस चेहरा जपून वापरतो. "एक्स्चेंजात आमचीही भांडणं होती," तो म्हणाला. "शेजारच्या बोर्डवरच्या माणसाशी मी सहा वर्षं बोललो नाही. पण त्याच्या लाइनवरचं दुसऱ्याला ऐकू जायला लागलं, की मी हात घालून कनेक्शन काढायचो. तोही माझं काढायचा." मग त्यानं काठी उलगडली, उठला आणि दारापर्यंतची अकरा पावलं नेहमीच्या चालीनं गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढचे काही दिवसही नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो ग्रंथालयात पोचला तेव्हा तिसऱ्या यंत्रासमोर सरळ पाठ दिसली. ग्रंथपालबाईंनी त्याला दारातच थांबवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना संस्थेची भिंगरी हवीय म्हणाले. खरी. मी घालून दिली, तुम्ही यायचे होतात म्हणून." "बरं केलंत," तो म्हणाला. आपल्या टेबलाशी न जाता तो ऑपरेटरच्या मागे जाऊन उभा राहिला. नवी भिंगरी उघडी होती. पडद्यावर वर एका रांगेत चित्रांच्या कळा होत्या, सुबक, एकीवरही अक्षर नाही. बघणाऱ्याला अक्षर लागत नाही. "बटन," आवाज म्हणाला. "बटन. बटन. बटन. बटन." ऑपरेटरनं तिसरं दाबलं. काहीतरी भलतंच उघडलं. त्यानं ते बंद केलं आणि पुन्हा सुरुवातीला आला. त्याला पत्र लिहायचं होतं, आणि त्याचं बटन चौथं होतं. त्या कळांना बोलता येतील अशी नावं द्यायचं काम अर्ध्या दिवसाचं होतं, आणि ते करून लंबूकडे पाठवावं लागलं असतं. ऑपरेटरनं पाचवं दाबलं. तेही भलतंच निघालं.

"चौथं," तो म्हणाला.

ऑपरेटरची बोटं थांबली. त्यानं मान वळवली नाही.

"मिस्त्री, मला मोजता येतं," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"बटन," आवाज म्हणाला.